आमचा ग्रुप आणि फिलाडेल्फियाचा फ्रँक रिझो

बदलापूर प्रकरणातला आरोपी सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला, तेव्हापासून आमच्या डोंबिवलीच्या शाळेच्या ग्रुपवर एकच वाद चालू आहे. असे चकमकी करणारे पोलीस अधिकारी विधानसभेत हवेत की नकोत? बहुमत अर्थातच ‘हवेत’च्या बाजूनं. मी चकमकफेम पोलीस अधिकारी प्रदीप शर्मांचं नाव काढलं. २०१९ मध्ये शिवसेनेतर्फे नालासोपाऱ्यातून उभे राहिले, पडले. पण लाखाच्या वर मतं घेऊन पडले. आणि लखनभैया बनावट चकमकीत मुंबई उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये त्यांना जन्मठेप सुनावली. उत्तर आलं, “तू तिकडे डॉलर मोज, आम्हाला मानवाधिकार शिकवू नकोस.”

बरं, मग तिकडचंच सांगतो. आमच्या फिलाडेल्फियात फ्रँक रिझो होऊन गेला. साउथ फिलीतला, इटालियन, पोलिसाचा पोरगा. १९६७ मध्ये पोलीस कमिशनर झाला आणि त्याच नोव्हेंबरात, शाळेत आमचाही इतिहास शिकवा म्हणणाऱ्या कृष्णवर्णीय पोरांवर दंडुके पडले. १९७० मध्ये ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या संघटनेच्या कचेऱ्यांवर छापे घालून पकडलेल्यांना भर रस्त्यात, फोटोग्राफरांसमोर, कपडे उतरवून उभं केलं. पुढच्याच वर्षी लोकांनी त्याला महापौर म्हणून निवडून दिलं. खोटं पकडायच्या यंत्रासमोर बसला तेव्हा आधी म्हणाला, हे यंत्र ज्याला खोटा म्हणेल तो खोटा. आणि स्वतःच नापास झाला. तरी १९७५ मध्ये पुन्हा निवडून आला! आमचा ग्रुप तेव्हा इथं असता तर प्रचाराला गेला असता.

लोकांना कायद्याचं राज्य हवं होतं म्हणे. मला नाही पटत. नाईन्थ स्ट्रीटच्या इटालियन बाजारात आजही एखादा म्हातारा सांगतो, फ्रँकच्या काळात आम्ही दारं उघडी टाकून झोपायचो. कृष्णवर्णीयांच्या नॉर्थ फिलीत हे वाक्य मी कधी ऐकलेलं नाही. दंडुका आपल्या पाठीत बसणार नाही अशी खात्री असली की तो फार देखणा दिसतो. १९७८ मध्ये तिसऱ्यांदा उभं राहता यावं म्हणून रिझो शहराची सनद बदलायला निघाला, गोऱ्यांनी गोरे म्हणून मत द्यावं असं उघड म्हणाला, आणि दणकून हरला. मेल्यावर त्याचा पुतळा उभा राहिलाच, पण २०२० मध्ये पोलिसाच्या हातून मेलेल्या जॉर्ज फ्लॉइडनंतर रातोरात हललाही. आपल्याकडे हलवून दाखवा.

एवढं बोलतो खरा. मेन लाइनवरच्या, म्हणजे शहराबाहेरच्या श्रीमंत उपनगरातल्या, आमच्या गल्लीत पोलीस मला ‘सर’ म्हणतो, तेव्हा बरं वाटतं. सेप्टाच्या लोकल गाडीनं नॉर्थ फिलीतून जाताना मी बॅग मांडीवर घेतो. रिझोच्या शहरात मी कुठल्या बाजूला मोडलो असतो, हे मला अजून ठरवता येत नाही. डोंबिवलीत हा प्रश्नच नव्हता. आपण ‘आपले’ होतो, आणि नालासोपारा म्हटलं की नाक कसं मुरडायचं तेही ठरलेलं होतं.

परवा एकानं विचारलं, तुला इथलं एवढं काय पडलंय? लिहिलं, आई तिथं एकटी असते, तिच्या दाराशी येणारा पोलीस कायदा पाळणारा असावा.

त्यावर तो म्हणतो, मग तिला तिकडे का नेत नाहीस?