माइक कार्डिओइड (समोरचा आवाज जास्त घेणारा) आहे म्हणून खोली कशीही चालते? भो, हे सांगितलं कोणी?

"घरी रॉक गाणाऱ्यांनी एकदा वाचाच" असा एक फॉरवर्ड फिरतोय. माझ्याकडे आला तेव्हा मी न वाचल्यासारखा सोडून दिला, दिवसाला असे कितीतरी येतात. पण परवा भुसावळहून भाच्याचा फोन आला, मामा मला कंडेन्सर (बारीकसारीक आवाज पकडणारा, वीज लागणारा माइक) घ्यायचाय, त्यात स्पष्ट लिहिलंय, थोडे पैसे तुम्ही टाका. मागून आमच्या ताईचा आवाज, "घेऊ दे ना त्याले." म्हटलं आता उत्तर द्यावंच लागणार.

फॉरवर्डमध्ये थोडक्यात असं आहे: रॉक व्होकलला मोठ्या डायफ्रामचा (आतल्या पडद्याचा) कंडेन्सरच लागतो, डायनॅमिक (आत तारेची कॉइल असलेला, वीज न लागणारा) माइक फक्त स्टेजसाठी. कार्डिओइड कंडेन्सर फक्त समोरचाच आवाज घेतो म्हणून खोलीवर एक रुपया घालवू नका. डायनॅमिकला फँटम पॉवर (कंडेन्सरसाठी केबलमधूनच दिली जाणारी वीज) गेली की जळतो. ओरडून गाणार असाल तर महागडाच घ्या, स्वस्तातल्याचा पडदा फाटतो. आणि रेकॉर्डिंग १९२ किलोहर्ट्झवरच (म्हणजे सेकंदाला आवाजाचे १,९२,००० नमुने घेऊन) करा. खाली खरेदीची लिंक, ती तर असणारच.

मला सगळ्यात जास्त चीड आणली ती खोलीवाल्या मुद्द्याने, कारण पोरांचे पैसे तिथेच बुडतात.

आधी खोली कशी आहे ते सांगतो. रेल्वे लाइनच्या अलीकडे घर, खाली गुळगुळीत फरशी, भिंतींना ऑइलपेंट, खिडकीत कूलर, वर पंखा. मधोमध उभं राहून टाळी वाजवली की टण्णकन आवाज घुमतो. अर्ध्या खानदेशात घरं अशीच आहेत, त्यात काही कमीपणा नाही. पण तिथे "माइक फक्त समोरचं घेतो" या भरवशावर पैसे टाकणं म्हणजे कहर आहे.

एक तर कार्डिओइड फक्त समोरचं घेतच नाही. बरोबर बाजूने, म्हणजे ९० अंशातून, आलेला आवाज समोरच्यापेक्षा जेमतेम ६ डेसिबलने कमी होतो. खरा खड्डा, म्हणजे जिथून माइकला जवळपास ऐकूच येत नाही ती जागा, फक्त बरोबर पाठीमागे, १८० अंशावर, आणि तोही खालच्या फ्रिक्वेन्सीला नीट टिकत नाही. म्हणजे मालगाडीची घरघर मागून आली काय आणि पुढून आली काय, ती येणारच.

आणि खरी गंमत पुढे आहे, जी फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलेलीच दिसत नाही. माइकचं तोंड कुठे असतं? गाणाऱ्याकडे. गाणाऱ्याच्या पाठीमागे काय? भिंत. तू जोरात गायलास की आवाज सगळ्या खोलीभर जातो, समोरच्या भिंतीवर आदळून परत येतो, तुझ्या मागच्या भिंतीवर आदळतो आणि तिथून थेट माइकच्या तोंडात शिरतो, म्हणजे ज्या बाजूने माइक सगळ्यात चांगला ऐकतो त्याच बाजूने. कार्डिओइड असल्याचा इथे काडीचा उपयोग नाही. लोक फोम आणतात आणि माइकच्या मागे चिकटवतात, आणि गाणाऱ्याच्या पाठीशी ऑइलपेंटची भिंत तशीच चकचकीत. उलट करा की. घरातल्या जाड गोधड्या दोरीवर दुमडून गाणाऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंनी लटकवा, भिंतीला चिकटवून नको, मध्ये वीतभर जागा सोडून. परत टाळी वाजवा. फरक कानाला कळतो, त्यासाठी कुठलंही ॲप नको.

(अंड्याचे ट्रे लावू नका. ते बाहेरचा आवाज अडवत नाहीत, आतलाही वरवरचाच शोषतात, आणि पेटायला मात्र एक नंबर. कूलरच्या वायरीशेजारी तर अजिबातच नको.)

कूलरचं काय? तो माइकच्या बरोबर पाठीकडे येईल असं उभं राहा, तो १८० अंशाचा खड्डा तिथेच वापरायचा असतो. आणि टेक घेताना कूलर, पंखा दोन्ही बंद. मे महिन्यात भुसावळला पंखा बंद म्हणजे काय ते मला माहीत आहे भो, पण गाणं चार मिनिटांचं असतं, तुकड्या-तुकड्यात गा, मध्ये लावा पंखा. गाडीचा भोंगा वाजला तर तेवढी ओळ परत घ्या.

आता "डायनॅमिक फक्त स्टेजसाठी". यावर जास्त बोलायची इच्छा नाही, एकच उदाहरण देतो. मायकेल जॅक्सनचा १९८२ चा 'थ्रिलर' अल्बम. त्याचे मुख्य व्होकल इंजिनिअर ब्रूस स्विडियनने शूरच्या एसएम७ वर घेतले, आणि एसएम७ हा डायनॅमिक माइक आहे. हे स्विडियनने स्वतः वेळोवेळी सांगितलंय. कोणी म्हणेल तो पॉप झाला, तर त्याच अल्बममधल्या 'बीट इट'वर रॉक गिटारवाला एडी व्हॅन हेलनचा गिटार सोलो आहे, रॉकवाल्यांनी नाक मुरडायचं कारण नाही. जगातल्या सगळ्यात जास्त विकल्या गेलेल्या अल्बमला जो प्रकार चालला तो आपल्या डेमोला चालत नाही म्हणे.

पण उलट्या बाजूचे लोकही काहीच्या काही सांगतात, की डायनॅमिकला खोली ऐकूच येत नाही. तसं नसतं. पॅटर्न (माइक कुठल्या बाजूने किती ऐकतो तो) सारखा, अंतर सारखं, लेव्हल सारखी केली तर दोघांनाही खोली जवळपास सारखीच ऐकू येते. फरक पडतो तो वापरण्यात. एसएम५८ सारखा स्टेजचा डायनॅमिक माइक आपण ओठाला लावून गातो, कंडेन्सर मात्र पॉप फिल्टर (हवेचा धक्का अडवणारी जाळी) लावून वीतभर लांब ठेवतो. अंतर निम्मं केलं की थेट आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र आहे तेवढाच राहतो. डायनॅमिक 'साफ' वाटतो तो यामुळे, आणि थोडा त्याचा वरचा ट्रेबल कमी असतो म्हणून. फार जवळ गेलं की बास फुगतो, त्याला लो-कट (खालचा आवाज कापणारा फिल्टर) आहे.

फॉरवर्डमध्ये एक गोष्ट अर्धी खरी आहे, नाइलाजाने कबूल करतो. शांत आणि बऱ्यापैकी मेलेल्या, म्हणजे न घुमणाऱ्या, खोलीत चांगला कंडेन्सर जो श्वास, जो शब्दाचा काठ पकडतो तो डायनॅमिकवर तसा येत नाही. गाण्यात हळू अंतरा असेल, गिटार एकटी वाजत असेल, तिथे कंडेन्सर जिंकतो. आणि एसएम७बी (त्याच एसएम७ ची पुढची आवृत्ती) घ्यायला निघालेल्यांनीही ऐका, त्याला ६० डेसिबलच्या आसपास गेन (आवाज वाढवणं) लागतो, स्वस्त इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) तेवढा गेन देताना सूं सूं करायला लागतो.

पडदा फाटण्याचं तर हसू आलं. ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० हा सुरुवातीच्या किमतीतला कंडेन्सर, त्याची कमाल पातळी कंपनीने १४४ डेसिबल दिलीय. माणूस माइकला तोंड लावून किंचाळला तरी १३०-१३५ च्या आसपास जाईल. उलट न्यूमनचा यू८७ एआय हा कंडेन्सर, ज्याच्या किमतीत इथे चांगली मोटरसायकल येते, तो पॅड (माइकवरचं आवाज कमी करणारं बटण) न लावता ११७ डेसिबलचा, पॅड लावून १२७. म्हणजे महाग तितका ओरडायला दणकट हे गणितच उलटं पडलं. तुमचा आवाज 'फाटतो' तो बहुतेक वेळा इंटरफेसवर गेन जास्त ठेवल्याने. गाण्यातली सगळ्यात जोरातली ओळ, खरंच जोरात, गाऊन बघायची आणि मीटर −१० डेसिबलच्या आसपास थांबेल एवढाच गेन ठेवायचा. हळू आवाजात "हॅलो हॅलो" करून गेन लावणाऱ्यांचा कोरस फाटणारच.

आणि आपल्या भाषेत ख, फ, भ जोरात आले की हवेचा धक्का बसतो, "भडका" म्हणून बघा कंडेन्सरवर. माइक तोंडासमोर सरळ न ठेवता नाकाच्या उंचीवर ठेवून थोडा खाली वळवा, अर्धा त्रास तिथेच जातो.

फँटम पॉवरने डायनॅमिक जळत नाही. ४८ व्होल्ट दोन्ही सिग्नल तारांवर सारखेच येतात, कॉइलच्या दोन टोकांत फरकच नाही तर करंट वाहणार कुठून? १९६६ पासून, न्यूमनने नॉर्वेच्या रेडिओसाठी हा प्रकार आणला तेव्हापासून, हे असंच चालतंय (तिथे इमर्जन्सी लाइटचा ४८ व्होल्ट सप्लाय होता म्हणून आकडा ४८). रिबन माइक (आत धातूची बारीक पट्टी असलेला) असेल किंवा केबल खराब असेल तर सांभाळा, बस.

१९२ किलोहर्ट्झ? कानाला २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, तेही तरुणपणी, आणि ते पकडायला त्याच्या दुपटीहून थोडे जास्त नमुने पुरतात. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. फाइल चौपट करून लॅपटॉप रडवण्यात काही अर्थ नाही.

भाच्याला सांगितलंय, बँडच्या प्रॅक्टिसचा एसएम५८ तुझ्याकडे पडूनच आहे, आधी इंटरफेस, चांगली केबल, स्टँड घे, आणि गोधड्या ताईकडून माग. तरी कंडेन्सर हवाच असेल तर सेल्फ-नॉइजच्या (माइकच्या स्वतःच्या सूं आवाजाच्या) आकड्यामागे पळू नको, एटी२०२० चा २० डेसिबल आणि रोड एनटी१ चा ४-साडेचार, हा फरक तुझ्या त्या खोलीत, रस्त्याच्या आणि शेजारच्या टीव्हीच्या आवाजात, ऐकूच येणार नाही. तुझा गळा वरच्या पट्टीत कर्कश होतो, तेव्हा वरचा ट्रेबल उंचावलेला माइक तुला मारेल, कोणाचा तरी उसना आणून तीच वरची ओळ गाऊन बघ आणि मग पैसे माग. हजाराच्या आत मिळणारे ते भलेमोठे सोनेरी "स्टुडिओ" माइक मात्र नकोच, त्यातल्या बऱ्याच डब्यांमध्ये आत कॉलर माइकच्या जातीचीच बारीक इलेक्ट्रेट कॅप्सूल असते, बाकी नुसता पत्रा.