बरोक म्हणजे भरजरी? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

इटालियन चित्रकार कारावाज्जोला मी माझ्या लेखात बरोक, म्हणजे सतराव्या शतकातल्या युरोपीय कलाशैलीतला, म्हटलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदाही आला, म्हणून तीन दिवस थांबून उत्तर देतोय.

तुमचं बरोबर आहे ते आधी सांगून टाकतो. कलेचा इतिहासकार व्योल्फ्लिन याच्या ‘रेनेसाँ उंड बारोक’ या पुस्तकाचं साल मी १८९८ लिहिलं होतं, ते १८८८ आहे. दुरुस्त केलंय. आभार.

आता तुमचं ते वाक्य. ‘बरोक म्हणजे भरजरी; कारावाज्जोच्या काळोख्या चित्रांना बरोक म्हणण्याआधी लेखकाने शब्दकोश उघडण्याचे कष्ट घ्यावेत.’ कष्ट! ‘मला पटलं नाही’ एवढ्यावर भागलं नसतं का? आणि ‘लेखकाने’ काय? मी इथेच आहे की.

बरं, उघडला कोश. बहुतेक कोश पोर्तुगीज ‘बार्रोको’कडे बोट दाखवतात, म्हणजे वेडावाकडा मोती. भरजरी नव्हे, बेढब! अठराव्या शतकात हा शब्द हिणवायलाच वापरत. पुढे ज्यांनी त्याला शैलीचं नाव म्हणून मान मिळवून दिला, त्यांत व्योल्फ्लिन मोठा. त्याच्या १९१५च्या पुस्तकातल्या कसोट्या बघा: कडा अंधारात विरघळणं, नजर चित्रात खोल ओढली जाणं, रचना चौकटीबाहेर सांडणं. जरीकाम त्यात कुठे आहे?

मी बावीस वर्षं हा विषय शिकवतोय. रोमच्या सान लुइजी देइ फ्रांचेझी चर्चमध्ये कारावाज्जोच्या ‘संत मॅथ्यूला पाचारण’ या चित्रासमोर उभा राहिलोय. तिथे पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो, थोड्या वेळाने विझतो. खिशातली सगळी सुटी नाणी त्या पेटीत गेली. उजवीकडून तिरका येणारा उजेड, त्याच्याखाली ख्रिस्ताचा हात, टेबलाशी पैसे मोजणारी माणसं. नक्षी औषधालाही नाही, तरी चित्र अंगावर येतं. शिल्पकार बेर्निनीच्या संत तेरेसाच्या शिल्पामागे सोनेरी किरणं आहेत म्हणून ती तेवढी बरोक? अहो, तिथेही खरी करामत लपवलेल्या खिडकीतून उतरणाऱ्या उजेडाचीच आहे. हे पाहिलेल्या माणसाला कोश दाखवू नये.

‘कारावाज्जोच्या हयातीत हा शब्द शैलीसाठी कुणी वापरत नव्हतं’ हा तुमचा दुसरा मुद्दा. असेल. गॉथिक चर्चं बांधणारेही स्वतःला गॉथिक म्हणवत नव्हते.

आणि ‘काळोखी’ काय हो? ‘छायाप्रकाश’ असा चांगला शब्द आहे. कोशात सापडेल.