‘तुमचा शब्द हाच माझा आदेश’ म्हणे!

सकाळी चौकात एका इच्छुकाचा फ्लेक्स दिसला. जोडलेले हात, आणि खाली ‘तुमचा शब्द हाच माझा आदेश’. डोकंच फिरलं. अहो, हे वचन अडीचशे वर्षांचं शिळं आहे!

1774 साली इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या ब्रिस्टलमधून निवडून आलेल्या हेन्री क्रुगरने मतदारांना हेच सांगितलं होतं. त्याच्यानंतर बोलायला उठला दुसरा विजयी उमेदवार, एडमंड बर्क. तो म्हणाला, मी तुमची कामं करीनच, पण माझी विवेकबुद्धी तुमच्या मतापायी गहाण टाकली तर ती सेवा नव्हे, दगाबाजी. निवडून आल्याबरोबर, मतदारांच्या तोंडावर!

आपल्याकडे बर्क म्हटला की वॉरन हेस्टिंग्जवरचा खटला आठवतो. मला त्याची ब्रिस्टलकरांना लिहिलेली पत्रं जास्त मोलाची वाटतात, विशेषतः सॅम्युएल स्पॅनला लिहिलेलं. स्पॅन म्हणजे तिथल्या मर्चंट व्हेंचरर्स या बड्या व्यापारी संस्थेचा प्रमुख. 1778 मध्ये संसदेत प्रस्ताव आले की ब्रिटिशांच्या अंमलाखालच्या आयर्लंडला लोकरीचा माल वगळून बहुतेक सगळा माल ब्रिटिश वसाहतींना थेट पाठवू द्यावा, आणि तंबाखू वगळता तिकडचा माल थेट आणूही द्यावा. मांडणारा नुजंट, म्हणजे 1774 पर्यंत वीस वर्षं ब्रिस्टलचाच खासदार! व्यापारी खवळले. आपला धंदा बुडणार, विरोध करा, असा बर्कवर दबाव आला.

बर्कने काय केलं? गप्प बसला नाही, ‘साहेब बैठकीत आहेत’ असंही कळवलं नाही. 23 एप्रिलला स्पॅनला सविस्तर उत्तर धाडलं. 2 मेला हारफर्ड, कावल्स आणि कंपनीला दुसरं. मग दोन्ही पत्रं छापूनच टाकली, म्हणजे उद्या ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हणायची सोय नाही. स्पॅनच्या पत्रातला मुद्दा सरळ आहे: व्यापार काही मोजूनमापून ठेवलेली वस्तू नाही की दुसऱ्याने घेतली म्हणून आपली कमी झाली, जग दोघांनाही पुरेल एवढं मोठं आहे.

आणि विरोधकांचा अभ्यास कसा, तर शिडाच्या कापडाविरुद्ध अर्ज आले, आयर्लंडहून ते आलं तर आम्ही मेलो म्हणून. बर्कने सभागृहात दाखवून दिलं की ते आणायला कायद्याने आधीपासूनच परवानगी आहे! ज्याच्या नावाने गळा काढला, ते चालू असल्याचा यांना पत्ताच नव्हता.

तरी सरकार कचरलं, विधेयकं पार पातळ झाली. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात डब्लिनमध्ये आयरिश स्वयंसेवक, म्हणजे तिथले हत्यारबंद नागरिक, तोफांसह रस्त्यावर उतरले, आणि 1780 उजाडता लोकर, काच, वसाहतींचा व्यापार, सगळं मुकाट द्यावं लागलं. स्पॅनच्या पत्रातलं तेव्हाच ऐकलं असतं तर?

बरं, बर्क ब्रिस्टलकडे फारसा फिरकायचा नाही, हे खरं. त्याचे मतदार त्यावरून चिडले, त्यात चूक काय? जन्माने तो डब्लिनचा, त्यामुळे आयर्लंडची बाजू घेतो असा संशयही आलाच. आणि ब्रिस्टल सुटल्यावर त्याचा राजकीय पाठीराखा रॉकिंगहॅम याच्या मुठीतली माल्टन मतदारसंघाची जागा त्याला मिळाली, हेही मान्य.

पण कामं केली नाहीत असं कुणी म्हणू नये. ब्रिस्टलच्या रिचर्ड चॅम्पियनच्या पोर्सेलीनच्या, म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांच्या, पेटंटची मुदत वाढवण्यासाठी 1775 मध्ये तो वेजवुडसारख्या बड्या कुंभाराशी भिडला. मुदत वाढवून आणली, पण इतर कुंभारांना साध्या भांड्यांसाठी तीच माती वापरायची मोकळीक द्यावी लागली. मतदारसंघाचं काम असं तपशिलात असतं हो, फ्लेक्सवर नाही.

1780 मध्ये वारं फिरलेलं पाहून बर्कने मतदानाच्या सुरुवातीलाच माघार घेतली. आणि आदेश पाळणारा क्रुगर? तोही पडला!