पहिली बाजू सगळ्यांचीच चांगली असते

माझ्या कपाटातल्या रॉक आणि मेटलच्या रेकॉर्ड्सवर एकदा सविस्तर लिही म्हणून मित्र मागे लागले होते. लिहितोय, पण पाचपैकी किती तारे वगैरे मिळणार नाही. माझी कसोटी एकच. रेकॉर्ड उलटल्यावर काय होतं? हुकमी गाणी पहिल्या बाजूला सगळेच लावतात. बँडकडे खरा माल किती आहे, ते बी साइडला कळतं. फोनवर ऐकणाऱ्यांना हे पटायचं नाही, तिथं उलटायलाच काही नसतं.

सुरुवात ब्लॅक सॅबथच्या 'पॅरानॉइड'पासून, १९७०. 'वॉर पिग्ज', 'आयर्न मॅन' आणि शीर्षकगीत, सगळी प्रसिद्ध गाणी पहिल्या बाजूला. म्हणजे दुसरी बाजू पडेल असायला हवी. तसं होत नाही. 'हँड ऑफ डूम' सुरू होतं तेव्हा नुसती बास गिटार हळूहळू चालत येते, आणि मग अंगावर भिंत कोसळते. व्हिएतनामहून परतलेल्या, हेरॉइनच्या आहारी गेलेल्या सैनिकांबद्दलचं हे गाणं मला 'आयर्न मॅन'पेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याची गोष्ट मी आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, काम करणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. बर्मिंगहॅमचा पोरगा, सतरा वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर चामडं लावलं, तारा हलक्या घातल्या. पुढे 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'च्या वेळी, १९७१ साली, गिटार दीड सूर खाली उतरवली. तारा सैल, बोटांना त्रास कमी. त्या उतरवलेल्या सुरावर पुढच्या मेटलचा निम्मा डोलारा उभा आहे. फाउंड्रीत मोल्डिंगवर असलेल्या एका दादांनी हे ऐकून एवढंच विचारलं, "आणि भरपाई किती दिली ओ त्याला?" बेळगावात सॅबथ याहून नीट कुणी समजून घेतला असेल असं मला वाटत नाही.

डीप पर्पलचा 'मशीन हेड', १९७२. कसोटीला एकदम उतरतो, कारण 'स्मोक ऑन द वॉटर' बी साइडचं पहिलं गाणं आहे. स्वित्झर्लंडमधल्या माँत्र्यूच्या कॅसिनोला डिसेंबर १९७१ मध्ये फ्रँक झॅपाच्या कार्यक्रमात आग लागली, ते त्यात आहे हे सगळ्यांना माहीत असतं. मला मात्र त्यानंतरचं 'लेझी' जास्त आवडतं. जॉन लॉर्डचा ऑर्गन आधी एकटाच आळोखेपिळोखे देतो आणि मग गाणं उठून बसतं. माझी प्रत भारतात छापलेली, कव्हर पातळ, कोपरे गेलेले. आवाज खणखणीत.

आता थोडं गणित, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बारा इंची एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंमी खाच सरकते, आत लेबलपाशी जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा, म्हणून शेवटच्या गाण्यात झांजा फाटतात. शिवाय आवाज मोठा आणि बास भरपूर हवा असेल तर खाचा रुंद लागतात. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं ठीक. त्यापुढे गेलात की आवाज दाबावा लागतो.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना हे नवीन नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीत एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं, त्यात मल्लिकार्जुन मन्सूरांसारख्यांनी राग बसवून दाखवले. जागा कमी म्हणून गाणं कमी झालं नाही.

मेटॅलिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' (१९८६) इथं अडकतो. जवळजवळ ५५ मिनिटं एकाच रेकॉर्डवर, म्हणजे बाजूला सत्तावीस-अठ्ठावीस. संगीत म्हणून दुसरी बाजू निर्विवाद आहे. 'ओरायन'मध्ये शब्द नाहीत, मधे क्लिफ बर्टन बासवर जे शांतपणे मांडतो ते ऐकून गप्प बसावं. अल्बम आला मार्चमध्ये, सप्टेंबरात स्वीडनमध्ये बस उलटून तो गेला. पण एकाच रेकॉर्डची माझी प्रत लावली की आवाज लांबून आल्यासारखा, बारीक. हा अल्बम दोन रेकॉर्डवर पसरलेला घ्या, नाहीतर सरळ सीडी. दोन वर्षांनी आलेला 'अँड जस्टिस फॉर ऑल' दोन रेकॉर्डवर आहे, जागा भरपूर, आणि बासच ऐकू येत नाही. त्याला इलाज नाही.

आयर्न मेडनच्या 'पॉवरस्लेव्ह'वरून (१९८४) माझं आणि गोकाकच्या एका मित्राचं कायमचं भांडण आहे. घरात कन्नड बोलणारा, २००७ साली बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेडनला बघून आलेला, त्यामुळे त्याचा शब्द शेवटचा असं त्याचंच मत. शेवटचं गाणं इंग्रज कवी कोलरिजच्या, एका खलाशावरच्या कवितेवरचं, पावणेचौदा मिनिटांचं, आणि ते बरोबर लेबलजवळच्या अरुंद जागेत. मधे सगळं थांबतं, नुसता बास आणि जहाजाच्या लाकडाची करकर. आमच्याकडच्या जून-जुलैत ती करकर जहाजाची की रेकॉर्डवरच्या बुरशीची, सांगता येत नाही. मित्र म्हणतो, "अदऽ मजा ऐती नोड." म्हणजे, तीच तर मजा आहे बघ. मी म्हणतो, गाणं पहिल्या दर्जाचं, जागा चुकली.

स्लेयरचा 'रेन इन ब्लड' (१९८६) याच्या उलट. दहा गाणी, एकोणतीस मिनिटं, संपलं. निर्माता रिक रुबिननं आवाजातली सगळी घुमघुम काढून टाकली, त्यामुळे एवढ्या वेगातही प्रत्येक फटका सुटा ऐकू येतो. बाजूला पंधरा मिनिटंसुद्धा नाहीत, खाचा ऐसपैस. शेजारच्या काकी "कोण भांडायलाय ओ तुमच्यात?" विचारून गेल्या, तेव्हा हीच लावली होती. रात्री नऊनंतर लावत नाही.

नव्या छपाईच्या जाड, १८० ग्रॅमच्या रेकॉर्ड्सबद्दल माझं मत वाईट आहे. वजनानं आवाज सुधारत नाही. मूळ मास्टर, म्हणजे ज्यावरून छापलं ते रेकॉर्डिंग, कुठला आणि त्यावरून खाचा कापणाऱ्याचा हात कसा यावर सगळं ठरतं. तीन-चार हजार घालण्याआधी ते बघा. त्यापेक्षा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात धूळ खात पडलेली जुनी प्रत मिळाली तर उचला आणि घरी आणून धुवा. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर, त्यात साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, लेबल कोरडं. पावसाळ्यात कव्हर आणि रेकॉर्ड वेगवेगळे ठेवा, बुरशी पुठ्ठ्यातून येते. कव्हरला लॅमिनेशन कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

सगळ्यात वर माझ्याकडे रेनबोचा 'रायझिंग' आहे, १९७६. तेहतीस मिनिटांचा अल्बम. दुसऱ्या बाजूला फक्त दोन गाणी, दोन्ही आठ मिनिटांच्या पुढची. कोझी पॉवेलचे ड्रम 'स्टारगेझर'चं दार लाथेनं उघडतात. आकाशाला भिडणारा मनोरा बांधून घेणारा जादूगार, आणि उन्हात दगड वाहणारे गुलाम. रॉनी जेम्स डिओ ते एका गुलामाच्या तोंडून गातो, मागे म्युनिकचा ऑर्केस्ट्रा. मनोऱ्याचं काय होतं ते सांगत नाही. लगेच 'अ लाइट इन द ब्लॅक', रिची ब्लॅकमोर आणि टोनी केरी यांची गिटार-कीबोर्डची जुगलबंदी, श्वास घ्यायला उसंत नाही. पहिली बाजू त्यामानानं साधी, चार छोटी गाणी. ती मी महिनोन्‌महिने लावत नाही.

ऐकायची असेल त्यांनी टिळकवाडीत रविवारी सकाळी दहानंतर या. चहा मिळेल. रेकॉर्ड बाहेर देत नाही, मागू नका.