सदस्यसंख्या वाढतेय

काल मीच उभारलेल्या सोशल नेटवर्क साइटने मला दारात अडवलं. म्हणे, आधी माणूस असल्याचं सिद्ध करा! सर्व्हरचं भाडं मी भरतो, डोमेन माझ्या नावावर, आणि मी आपला झेब्रा क्रॉसिंगचे चौकोन निवडत बसलोय. एका चौकोनात पांढऱ्या पट्ट्याचं जेमतेम टोक आलं होतं. धरायचं की सोडायचं? सोडलं. नापास.

कॅप्चा बसवावा लागला तो पाहुण्यांमुळे. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर बडीप्रेस नावाची जोड टाकली की प्रोफाइल, मैत्री, ग्रुप, खाजगी निरोप असं सगळं येतं. माणसं तेवढी आपण आणायची. पण पहिल्याच रात्री नोंदणीला झुंबड उडाली. सकाळी बघतो तर एकाचंही नाव उच्चारता येईना आणि प्रत्येकाच्या परिचयात स्वस्त कर्जाची लिंक.

खरा सदस्य एकच, आमचे काका. त्यांचा फोन आला.

"अरे, तुझी ती खातं चालू करायची मेल आलीच नाही."

"स्पॅममध्ये बघा ना, काका."

"तू स्पॅम कशाला पाठवतोस?"

"मी नाही हो पाठवत. तुमचा मेलवाला तिला स्पॅम ठरवतोय."

"उगाच कोण ठरवेल? त्याला काहीतरी दिसलं असेल."

आता काय बोलणार! मेल खरंच माझ्या डोमेनवरून आलीय हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, सगळ्या नोंदी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, व्यवस्थित आहेत. तरी लहान सर्व्हरची मेल म्हटली की संशयितच. कर्जवाल्यांच्या मेली मात्र थेट इनबॉक्समध्ये येऊन बसतात. त्यांना कोण विचारतं?

काका एकदाचे आत आले. "लाइक कुठाय?" लाइक नाही, फेव्हरिट आहे, म्हटलं. "इथे कोणीच कसं नाही? दुसरीकडची माणसं आण की!"

मी हुरळलो. म्हटलं, त्याचीही सोय आहे. वेगवेगळ्या सोशल साइट एकमेकींशी जोडणारं ॲक्टिव्हिटीपब नावाचं मानक आहे, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने 2018 साली मान्य केलेलं. त्याचं प्लगइन टाकलं की मास्टोडॉन या सोशल नेटवर्कवरची माणसं माझ्या साइटला तिथूनच फॉलो करू शकतात.

"तिथूनच? म्हणजे इथे येणार नाहीत?"

"नाही, तिथेच वाचतील. उत्तरही तिथूनच देतील."

"मग ही सतरंजी कुणासाठी अंथरलीस?"

यावर मी सर्व्हरला काहीतरी झाल्याचं सांगून फोन ठेवला. खरं सांगायचं तर गेले काही दिवस मलाही हेच विचारायचं होतं, फक्त कुणाला ते कळत नव्हतं.

रात्री बसून सगळी बोगस खाती उडवली. सकाळी परत काका.

"माझे मित्र कुठे गेले?"

"कुठले मित्र?"

"इथलेच! सगळ्यांच्या रिक्वेस्ट स्वीकारल्या होत्या मी. एक जण तर रोज निरोप पाठवायचा, अगदी आपुलकीने. तुझ्यासारखं नाही."

"काका, ते बॉट होते."

"असतील. पण मेलवाल्याला तुझ्यात काय दिसलं, ते आत्ता कळलं मला."