कर्दळ मोरीवरची आणि विहिरीवरचीही

नमस्कार काका,

कर्दळीवरच्या माझ्या लेखाला तुम्ही चांगलंच झोडपलंय. तुम्ही पेरलेल्या बियांपैकी दोन महिन्यांत एकही उगवली नाही. कर्दळीवन श्रीशैलजवळ असताना मी झाड अमेरिकेचं म्हटलं. आणि ‘कर्दळ मोरीवर लावतात, बागेत नाही.’

बियांच्या बाबतीत चूक माझी. ‘बियांपासूनही येते’ एवढंच लिहून मी पुढे गेले. कर्दळीचं बी म्हणजे काळा छर्रा, म्हणून तर इंग्रजीत तिला ‘इंडियन शॉट’ म्हणतात. त्या कवचातून पाणी सहजी आत जात नाही. बी पॉलिश पेपरवर एका बाजूने घासायचं, आतलं पांढरं दिसलं की थांबायचं, आणि रात्रभर कोमट पाण्यात टाकून मग पेरायचं. तुमच्या बिया उकरून बघा, टणक असतील तर अजून वाया गेलेल्या नाहीत. मात्र नर्सरीतल्या संकरित झाडाचं बी असेल तर फूल आईसारखंच येईल असं नाही. तेच फूल हवं तर डोळा असलेला कंद लावा, तीन-चार इंच खोल, दोन कंदांत दीड-दोन फूट सोडून.

कर्दळीवनाबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. नृसिंह सरस्वती ज्या वनात गेले त्यातली कर्दळी म्हणजे कदली, आपली केळ. पान केळीसारखं दिसलं म्हणून हे नाव या पाहुणीलाही चिकटलं. लिनियसने १७५३ मध्ये तिला ‘कॅना इंडिका’ म्हटलं, पण त्या काळी युरोपातले लोक अमेरिकेकडच्या बेटांनाही इंडीजच म्हणत. अँडीजच्या डोंगरात तिला ‘अचिरा’ म्हणतात आणि कंद भाजून खातात. (शोभेच्या जातींवर हा प्रयोग नको.)

आता मोरी. आजोळी न्हाणीघरामागे कर्दळीचं दाट बेट होतं. आंघोळीचं पाणी तिथे जाई आणि चिखल कधी साचत नसे. ओल्या जमिनीत तग धरणारं, भरपूर पाणी ओढणारं झाड तिथे कुणीतरी विचार करूनच लावलं असणार. आज सांडपाणी गाळायच्या खडीच्या वाफ्यांतही तीच लावतात. पण त्या बेटाचं पान आजी प्रसादाला घेत नसे. सत्यनारायणाचा शिरा वाढायचा तो विहिरीजवळच्या कर्दळीच्या पानावर. म्हणजे मोरीवरची वेगळी, बागेतली वेगळी, हे आमच्या घरात ठरलेलंच होतं. तुमचं म्हणणं अर्धं बरोबर, काका!

बागेत तिला पाच-सहा तास ऊन आणि शेणखत द्या. सावलीत नुसती पानं वाढतात. दांड्यावरची सगळी फुलं संपली की तो जमिनीलगत कापा. तो पुन्हा फुलत नाही, उगाच जागा अडवतो. बेट दाटलं की दोन-तीन वर्षांनी पावसाच्या तोंडावर कंद फोडून वाटून टाका. आणि एखादं पान सुरळी होऊन चिकटलेलं दिसलं तर आत अळी असते. ते पान उलगडून ती हाताने काढा, लगेच फवारणी नको.