राउटरच्या भोकात पिन घालायला सांगणारा तो मेसेज पुढे पाठवू नका

"घरचं इंटरनेट बंद पडलंय? कंपनीला फोन करू नका, या ७ गोष्टी करा, ५ मिनिटात चालू" असा एक मेसेज गेले काही आठवडे फिरतोय. माझ्याकडे तो चार ग्रुपवरून आला आणि मी चारही वेळा सोडून दिला, तेव्हाच बोलायला हवं होतं. पाचव्यांदा तो आला आमच्या आत्याकडून, आणि त्यातली पहिली गोष्ट तिने तोपर्यंत करूनही टाकली होती.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सात मुद्दे थोडक्यात. एक, मागच्या बारीक भोकात पिन घालून ३० सेकंद दाबा, "एफबीआयने सगळ्या जगाला हेच सांगितलंय". दोन, लाल दिवा लुकलुकला म्हणजे राउटर हॅक झाला. तीन, १९२.१६८.१.१ ही चिनी वेबसाईट आहे, चुकूनही उघडू नका. चार, पिवळी वायर काढून फुंकर मारा आणि आत उजेड दिसतो का बघा. पाच, डीएनएस (वेबसाईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) ८.८.८.८ केला की स्पीड दुप्पट. सहा, रात्री आणि विजा चमकताना राउटर बंद ठेवा, रेडिएशनने कॅन्सर होतो. सात, तरीही चालू झालं नाही तर या मोबाईल नंबरवर फोन करा.

आत्याचं घर चिपळूणजवळच्या गावात. जुलैमधल्या एका बुधवारी रात्रभर वारा-पाऊस झाला, आंब्याची फांदी पडून फायबरची वायर तुटली (हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं), सकाळी नेट नाही आणि डब्यावर लाल दिवा लुकलुकतोय. मी फोन केला तेव्हा ती ओटीवर येऊन बोलत होती कारण माजघरात मोबाईलला रेंज नसते. "आत्या, ते मागचं बटण दाबलंस का तू?" "हो रे, पदराची पिन काढली, मोजून तीस आकडे म्हटले, सगळे दिवे गेले आणि परत आले, म्हटलं झालं काम."

शुक्रवारी दुपारी केबलवाल्याचा मुलगा आला, खांबावर चढून वायर जोडून गेला. लाल दिवा गेला, पॉनचा (फायबर लाईन ऑपरेटरशी जोडली गेल्याचा) हिरवा दिवा स्थिर झाला, म्हणजे लाईन शंभर टक्के दुरुस्त. तरी नेट नाही, कारण पिनेने दाबून डब्यातला युजर आयडी, पासवर्ड, व्हीलॅनचा नंबर (ऑपरेटरने जोडणीसाठी दिलेला आकडा) सगळं पुसलं गेलं होतं, आणि ते त्या मुलाकडे नव्हतं, ऑफिसात होतं, ऑफिस शनिवार-रविवार कोणी उचलेना, सोमवारी म्हणाले उद्या बघतो. शुक्रवारी दुपारी जे चालू झालं असतं ते मंगळवारी संध्याकाळी चालू झालं. माझी आतेबहीण त्या घरातून दहावीच्या मुलांना ऑनलाईन गणित शिकवते, ती चार दिवस पावसात छत्री घेऊन वरच्या रस्त्यावरच्या एका दुकानाच्या पायरीवर बसून मोबाईलवर तास घेत होती. म्हणून मला या मेसेजचा राग आहे आणि म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आता पहिला मुद्दा, कारण सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. रिस्टार्ट आणि रिसेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिस्टार्ट म्हणजे प्लगचं बटण बंद करायचं, अर्धा मिनिट थांबायचं, चालू करायचं. डबा नव्याने सुरू होतो पण आत लिहिलेलं जागच्या जागी राहतं, आणि याने खरंच बऱ्याच वेळा काम होतं, त्यात वाद नाही. रिसेट म्हणजे पाटी पुसणं. ते भोक मुद्दाम एवढं बारीक ठेवलेलं असतं ते चुकून कोणाचं बोट लागू नये म्हणून. काही मोठ्या कंपन्यांचे डबे रिसेटनंतर लाईन लागली की आपल्या सेटिंग कंपनीकडून आपोआप ओढून घेतात, पण गावोगावच्या छोट्या ऑपरेटरांकडे आजही ते हाताने भरलं जातं. तुमचा डबा कुठल्या प्रकारचा हे माहीत नसताना पिन घालायची नाही, बस.

आणि एफबीआयचं नाव घेतलंय म्हणून तेही सांगतो, कारण यात अर्धं सत्य आहे आणि त्यामुळेच लोक फसतात. २५ मे २०१८ ला एफबीआयने खरंच घरगुती आणि छोट्या ऑफिसच्या राउटरवाल्यांना आवाहन केलं होतं. तेव्हा व्हीपीएनफिल्टर नावाचं मालवेअर पसरलं होतं, सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीच्या टालोस या सुरक्षा गटाच्या अंदाजाने ५४ देशांत किमान ५ लाख उपकरणांत ते शिरलं होतं. पण एफबीआयचा शब्द होता रीबूट! म्हणजे बंद करून चालू करा. आता पूर्ण खरं सांगायचं तर टालोसच्या लोकांनी फॅक्टरी रिसेटसुद्धा सुचवला होता, कारण त्या मालवेअरचा पहिला टप्पा रीबूटनंतरही आत टिकून राहायचा. ठीक आहे, मान्य. पण तो सल्ला त्या एका मालवेअरसाठी होता, नेट बंद पडलं म्हणून करायचा उपाय नव्हता. वायर झाडाखाली तुटलेली असताना डबा पुसून काय मिळणार?

दुसरा मुद्दा, लाल दिवा म्हणजे हॅक. साफ खोटं. फायबरच्या डब्यावर लाल दिव्याखाली बहुतेक वेळा एलओएस लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ सिग्नल गेला, बाहेरून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचत नाहीये. वायर तुटली, दबली, जोड निघाला किंवा तिकडे ऑपरेटरकडेच काही बंद आहे. हॅक झाल्यावर पेटणारा दिवा डब्यावर नसतो. बाकीचे दिवे पण वाचायला सोपे आहेत. पॉवरचा दिवाच नसेल तर अडॅप्टर किंवा प्लग बघा. पॉन लुकलुकत असेल तर डबा ऑपरेटरच्या यंत्राशी नोंदणी करायचा प्रयत्न करतोय, स्थिर असेल तर झाली. पॉन स्थिर आणि इंटरनेटचा दिवा बंद किंवा लाल, तर लाईन ठीक आहे पण लॉगिन होत नाहीये, आणि याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे पॅक संपलाय, आधी तेच तपासा. ऑपरेटरला फोन करताना "नेट चालत नाही" असं न म्हणता "एलओएस लाल लुकलुकतोय" म्हणालात तर तो थेट वायर जोडायचं मशीन घेऊन येतो, एक फेरी वाचते.

तिसरा मुद्दा वाचून मी खरंच हातातलं काम सोडून बसलो. १९२.१६८.१.१ चिनी वेबसाईट! अहो तो तुमच्या घरातल्या डब्याचाच पत्ता आहे. १९२.१६८ ने सुरू होणारे सगळे पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवलेत, फेब्रुवारी १९९६ मधल्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजात ते लिहिलंय, इंटरनेटचे नियम ज्या कागदांत लिहिले जातात त्यातला तो एक. हे पत्ते बाहेरच्या इंटरनेटवर चालतच नाहीत, म्हणून लाखो घरांत तोच एक पत्ता एकाच वेळी सुखाने वापरला जातो. आणि यावर पुरावा हवा तर आत्याच्या घरचाच देतो. वायर तुटलेली, लाल दिवा चालू, घरात बाहेरचं एक अक्षर येत नव्हतं, तरी बहिणीच्या फोनवर त्या पत्त्यावर डब्याचं सेटिंगचं पान उघडत होतं. चीनमधली साईट तुटलेल्या वायरीवरून कशी उघडेल? ब्राउझर वरती "सुरक्षित नाही" असं दाखवतो त्याने लोक घाबरतात हे मला कळतं, पण घरातल्या डब्याचं पान बहुतेक वेळा साध्या एचटीटीपीवर (म्हणजे कुलूपबंद नसलेल्या जोडणीवर) असतं म्हणून तो इशारा येतो, एवढंच.

या मुद्द्याने राग येतो तो यासाठी की नेट का गेलं हे बघायची सगळ्यात चांगली जागा हेच पान आहे आणि मेसेज नेमका तिथेच जायला मना करतो. वायफायला जोडलेलं असताना ब्राउझरमध्ये तो पत्ता इंग्रजी आकड्यात टाका (काही डब्यांवर तो १९२.१६८.०.१ किंवा थोडा वेगळा असतो, खालच्या स्टिकरवर छापलेला असतो, युजरनेम-पासवर्डही तिथेच), आणि स्टेटस नावाचं पान शोधा. तिथे काही बदलायचं नाही, फक्त वाचायचं. दोन गोष्टी बघा. पहिली ऑप्टिकल किंवा पॉनच्या खाली आरएक्स पॉवर (डब्यात येणाऱ्या प्रकाशाची ताकद), हा आकडा उणे असतो. साधारण -१५ ते -२५ असेल तर प्रकाश छान येतोय, -२७ च्या खाली (म्हणजे -२८, -२९) गेला तर नेहमीच्या घरगुती फायबर (जीपॉन) डब्याची हद्द संपते आणि नेट जा-ये करायला लागतं, -४० किंवा रिकामं असेल तर प्रकाशच नाही. दुसरी गोष्ट वॅन स्टेटस, म्हणजे डब्याची बाहेरच्या इंटरनेटशी जोडणी. तिथे कनेक्टेड आणि एखादा आयपी पत्ता दिसला तर डब्यापर्यंत नेट आलेलं आहे, मग भानगड तुमच्या फोनमध्ये किंवा वायफायमध्ये. ०.०.०.० दिसलं तर लॉगिन झालेलं नाही. या दोन्हींचा स्क्रीनशॉट काढून ऑपरेटरला पाठवा. लॅपटॉपवर बघत असाल आणि लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला डब्याकडून पत्ता मिळालेलाच नाही, वायफाय तोडून परत जोडा, नाहीतर डबा रिस्टार्ट करा. या पानातली एकच गोष्ट बदलायला हवी, आणि तीही नेट नीट चालू असताना, ती म्हणजे आत शिरायचा कंपनीने दिलेला पासवर्ड. २०१६ चं मिराई बॉटनेट (हॅक केलेल्या उपकरणांचं जाळं) असेच न बदललेले पासवर्ड वापरून घराघरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेत होतं. नवीन पासवर्ड डायरीत लिहून ठेवा.

चौथा, वायर काढून फुंकर मारणं. कृपा करून करू नका. त्या पिवळ्या वायरीच्या आत काच आहे आणि प्रकाश जिथून जातो तो भाग ९ मायक्रॉनचा, आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा. फुंकरेतली वाफ आणि थुंकीचा एक कण त्या टोकावर बसला तरी सिग्नल पडतो. आणि उजेड बघायचा म्हणाल तर तो दिसणारच नाही, घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड असतो, माणसाच्या डोळ्याला तो दिसत नाही. म्हणजे "उजेड दिसला नाही" यावरून काहीच कळत नाही, आणि लेझरच्या वायरीत डोळा घालून बघायची सवय मुलांना लागते ती वेगळीच. तुम्हाला एवढं करता येईल की वायर कपाटाच्या मागे दबलीये का, दाराच्या फटीत चेमटलीये का ते बघा, वाटीच्या तोंडापेक्षा लहान वळसा तिला देऊ नका.

पाचवा, डीएनएस. स्पीड दुप्पट वगैरे काही होत नाही, तुमचा पॅक जेवढा तेवढाच स्पीड. पण हो, कधीकधी ऑपरेटरचा डीएनएस बंद पडतो, तेव्हा व्हॉट्सअॅप चालतं आणि वेबसाईट उघडत नाहीत, अशा वेळी गूगलचा ८.८.८.८ टाकून काम भागतं. एवढंच त्यातलं खरं.

सहावा, रेडिएशन. २०११ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओलहरी २ब गटात टाकल्या हे खरं आहे, त्या गटाचा अर्थ शक्यता पूर्ण नाकारता येत नाही पण पुरावा मर्यादित आहे, "कॅन्सर होतो" असा नाही. विजा कडाडताना प्लग काढा हे मात्र बरोबर आहे, सातांतलं हे एकच मी स्वतः सगळ्यांना सांगतो. वीज लाईटच्या वायरीतून अडॅप्टरपर्यंत येते, कोकणात दर पावसाळ्यात असे डबे जळतात.

सातवा. तो मोबाईल नंबर इथे मुद्दाम देत नाही. आत्याने लावला नव्हता म्हणून वाचलो, पण बहिणीच्या एका विद्यार्थ्याच्या वडलांनी लावला. समोरचा माणूस गोड बोलला, म्हणाला कंपनीकडून बोलतोय, एक अॅप टाका म्हणजे मला इथून तुमचा राउटर दिसेल. ते स्क्रीन शेअरचं अॅप होतं. मग म्हणाला रिचार्जचे १० रुपये भरून बघा म्हणजे लाईन चेक होईल. त्यांना तिथे शंका आली आणि त्यांनी फोन बंद केला. एक रुपया भरला असता तरी यूपीआयचा पिन टाकताना समोरच्याला सगळं दिसू शकलं असतं. कस्टमर केअरचा नंबर तुमच्या बिलावर, कंपनीच्या अॅपमध्ये किंवा डब्यावरच्या स्टिकरवर बघायचा, फॉरवर्डमधून कधीच घ्यायचा नाही.

कोणी ते अॅप टाकून बसलं असेल तर आत्ता फोनचं नेट बंद करा, अॅप काढून टाका, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि यूपीआय थांबवा, आणि पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर तक्रार नोंदवा, जितक्या लवकर कराल तितके पैसे मधेच अडवले जायची शक्यता जास्त.